छोट्या एटीव्हीच्या प्लगला करंट येत नाही, सुरुवात कुठून करावी?

वाडीवाला

नमस्कार मंडळी,

गोराईला मामांच्या वाडीत एक छोटी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी चार जाड चाकांची गाडी) आहे. ११० सीसी, चार स्ट्रोक, एअरकूल्ड, चिनी बनावटीचं इंजिन. फक्त सेल्फ आहे, किक नाही. पूर्वी ती एका किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारायला वापरत, तिथून मामांनी सेकंडहँड घेतली. भाजीच्या पाट्या, खताच्या गोण्या, नारळ, सगळं विहिरीपासून फाटकापर्यंत हीच नेते. मामांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही गाडी चैनीची नाही, रोजच्या कामाची आहे.

पाऊस सुरू होईपर्यंत छान चालत होती. जूनच्या पहिल्या सरींनंतर मिसफायर व्हायला लागली आणि मग एका सकाळी बंदच पडली. सेल्फ जोरात फिरतो, कॉम्प्रेशन आहे, प्लग काढला की पेट्रोलने भिजलेला निघतो. म्हणजे पेट्रोल पोचतंय. प्लग हेडला टेकवून सेल्फ मारला तर करंट, म्हणजे ठिणगी, अजिबात नाही. नवा प्लग आणला, सी७एचएसए, त्यालाही काही नाही.

खाडी ओलांडून यायला मेकॅनिक तयार नाहीत. गाडी बोरिवलीला आणायची तर भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेम्पो करावा लागेल. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, सीडीआय (प्लगची ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल आणि मॅग्नेटची प्लेट, तिन्ही बदलून टाका.

माझा प्रश्न असा: तिन्ही एकदम बदलणं बरोबर आहे, की नेमकं काय बिघडलंय ते घरी तपासता येईल? मल्टिमीटर आहे, पान्यांचा सेट आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत.

जुनाखटारा

तिन्ही बदलू नका. गाडी न बघता दिलेला सल्ला हा अंदाजच असतो. आधी फुकटातल्या गोष्टी बघा: हँडलवरचा लाल किल स्विच, चावीचा स्विच, आणि मागच्या बाजूचा दोरीवाला सेफ्टी स्विच. लहान एटीव्हींना तो असतो, मागून चालणाऱ्याने दोरी ओढली की इंजिन बंद. काही गाड्यांना रिमोटने बंद करायचा डबाही लावलेला असतो. यातल्या कशातही पाणी गेलं तरी करंट जातो.

दर्यावर्दी

मामांना सांगा, बैलगाडी घ्या. बैलाला प्लग नसतो आणि पावसात मिसफायरही होत नाही :)

वाडीवाला

@दर्यावर्दी, मामा म्हणतात बैलाला रोज चारा लागतो, ही निदान उभी असताना काही खात नाही.

@जुनाखटारा, दोरीवाला स्विच आधीच्या मालकाने काढून टाकलाय. त्याच्या दोन्ही वायर वेगवेगळ्या टेप मारून ठेवल्यात. रिमोटचा डबा नाही. किल स्विच उघडून साफ केला, मीटरवर चालू-बंद नीट दाखवतो.

ठाणेरायडर

सीडीआय बदला. या इंजिनांचा सीडीआय स्वस्त मिळतो आणि दहातल्या आठ वेळा तोच गेलेला असतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर चौकशी करा. एवढं डोकं लावायची गरज नाही.

मीटरकाका

ठाणेरायडर, तुझ्या अनुभवाचा मान राखून सांगतो, हा सल्ला मला पटत नाही. सीडीआय हा सीलबंद डबा. तो साध्या मीटरने तपासता येत नाही, म्हणून कारण सापडलं नाही की बिल त्याच्या नावावर फाटतं. ज्या गोष्टी मोजता येतात त्या आधी मोजायच्या. सगळ्या बरोबर निघाल्या तरच सीडीआयवर संशय घ्यायचा.

वाडीवाल्या, करंट कसा तयार होतो ते आधी समजून घे, म्हणजे कुठे मीटर लावायचा हे कोणी सांगावं लागणार नाही.

इंजिनाच्या डाव्या कव्हरखाली मॅग्नेट, म्हणजे चुंबकं बसवलेलं फ्लायव्हील फिरतं. त्याच्या आत प्लेटवर कॉइल असतात. त्यातली एक केसासारख्या बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची. ती सीडीआयला वीज पुरवते. तिला सोर्स कॉइल म्हण. ती सीडीआयमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) दोनतीनशे व्होल्टपर्यंत भरते. फ्लायव्हीलच्या बाहेर दुसरी छोटी कॉइल असते, पिकअप. फ्लायव्हीलवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती ‘आता’ असा इशारा देते. त्या क्षणी सीडीआयमधला एससीआर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू होतो, भरलेला कपॅसिटर इग्निशन कॉइलच्या प्रायमरीत (कमी वेढ्यांच्या भागात) एका झटक्यात रिकामा होतो आणि सेकंडरीतून (जास्त वेढ्यांच्या भागातून) वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब प्लगला जातो. एवढंच आहे. मधे बॅटरीचा संबंधच नाही. बॅटरी फक्त सेल्फ आणि लाइटसाठी.

हे एसी सीडीआयचं झालं. काही गाड्यांत डीसी सीडीआय असतो, त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात. तुझा कुठला ते आधी बघ. सीडीआयच्या कपलरमध्ये (वायरी जिथे डब्याला जोडतात त्या जोडात) चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट येणारी वायर नसेल तर एसी. डीसीच्या जागी एसी किंवा उलटं लावून चालत नाही.

आता किल स्विच. तू तो स्विचपाशी तपासलास. पण एसी सीडीआयमध्ये किल स्विच बंद केला की वायर तुटत नाही, ती अर्थला (इंजिन-फ्रेमच्या धातूला) जोडली जाते आणि करंट तिथेच जिरतो. स्विच ठणठणीत असला आणि त्याची वायर हँडलच्या मानेत घासून फ्रेमला टेकली असली तरी तोच परिणाम. म्हणून सीडीआयच्या कपलरमधून काळी-पांढरी वायर बाहेर काढ आणि मग सेल्फ मार. करंट आला तर दोष किलच्या वायरिंगमध्ये, चावीपासून हँडलपर्यंत कुठेतरी. नाही आला तर किल, चावी, दोरी हे सगळं प्रकरण एका फटक्यात निकालात निघालं.

चिनी इंजिनांत बहुतेक वेळा रंग असे असतात: काळी-लाल सोर्स कॉइल, निळी-पांढरी पिकअप, काळी-पांढरी किल, काळी-पिवळी इग्निशन कॉइलकडे, हिरवी अर्थ. पण सेकंडहँड गाडीत कोणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही, वायर हाताने माग काढत बघ.

ओहमकन्या

काकांनी छान लिहिलंय. मोजायला बसण्याआधी सुरक्षेचं सांगते, कारण तुमचा प्लग पेट्रोलने भिजलेला निघतोय.

प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका. सेल्फ मारला की त्या भोकातून पेट्रोलची वाफ फवाऱ्यासारखी बाहेर येते. जुना प्लग हेडमध्ये कसून ठेवा आणि तपासायचा प्लग कॅपमध्ये घालून लांब, इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. रंगावर किंवा गंजावर टेकवला तर चांगला करंटही दिसत नाही. कॅप नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, दाबाला जायला वाट मिळाली नाही तर कॉइलचं इन्सुलेशन आतून फुटू शकतं. प्लग हाताने धरू नका, इन्सुलेटेड पक्कड वापरा. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांना त्या वेळी जवळ उभं राहू देऊ नका.

कॉइलची प्रायमरी मोजताना मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करा. सीडीआयच्या कॉइलची प्रायमरी एक ओहमच्याही आत असते, तिथे मीटरच्या वायरींचा रोधही फरक पाडतो.

खाडीपल्याड

विषयांतराबद्दल माफ करा, पण ही गाडी समुद्रावर नेत नाही ना? आमच्याकडे शनिवारी-रविवारी वाळूत या गाड्यांचा नुसता धुमाकूळ असतो. कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चाकांखाली वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. मला या गाड्यांचा मनापासून राग आहे.

वाडीवाला

@खाडीपल्याड, तुमचा राग समजू शकतो. ही गाडी वाडीच्या कुंपणाबाहेर जात नाही. तिची नोंदणीही नाही, त्यामुळे रस्त्यावर न्यायचा प्रश्नच नाही. मामांनाही वाळूतल्या फेऱ्या आवडत नाहीत.

गिरगावकर

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या वेळी राजदूत, चेतक यांना सीडीआय नव्हता, पॉइंट असायचे. प्लेटवरचे दोन छोटे संपर्क, ते उघडले की करंट. पॉइंटची गॅप ०.४ मिमीच्या आसपास ठेवायची, फिलर गेज नसला तर गल्लीतला मेकॅनिक नजरेने लावायचा आणि गाडी त्यावर पुढचा पावसाळा काढायची. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपर फिरवायचा. दोष डोळ्यांना दिसायचा. सीडीआयने ती कटकट संपवली, पण दोष डब्यात बंद करून टाकला.

तत्त्व मात्र तेच आहे. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर स्पार्क प्लग तयार केला. तुमच्या मामांच्या गाडीत फिरतंय ते याच घराण्यातलं. बॅटरीशिवाय नुसत्या फिरण्यातून ठिणगी काढायची ही युक्ती मला आजही अचंबित करते.

दर्यावर्दी

गिरगावकर काका, वाचायला मजा आली. राजदूतचा तो ‘धडधड’ आवाज कानात घुमला.

वाडीवाला

काल दिवसभर वाडीत होतो. पाऊस मधूनमधून, गोठ्याच्या पत्र्याखाली गाडी ढकलली आणि काम केलं. आकडे देतो.

सीडीआय एसीच आहे, १२ व्होल्ट येणारी वायर कपलरमध्ये नाही. काळी-पांढरी काढून सेल्फ मारला, करंट नाही. म्हणजे किलचा विषय संपला.

इग्निशन कॉइल: प्रायमरी ०.४ ओहम, मीटरच्या वायरी वजा करून. सेकंडरी कॅप काढून ४ किलोओहमच्या आसपास. कॅप स्वतंत्र मोजली, ५ किलोओहम.

मग सीडीआयचा कपलर काढला, मीटरचं काळं टोक हिरव्या वायरच्या पिनेत लावलं. लाल टोक काळ्या-लालवर: मीटर ‘१’ दाखवतो, म्हणजे उघडी. निळ्या-पांढऱ्यावर: तिथेही ‘१’. मधेच कधीतरी मोठा आकडा चमकून जातो, स्थिर राहत नाही.

सोर्स कॉइल आणि पिकअप, दोन्ही गेल्या असं दिसतंय.

ठाणेरायडर

झालं मग, प्लेट गेली. समुद्राचं पाणी कव्हरच्या आत शिरलं असणार. पुलर लावून फ्लायव्हील काढा, प्लेट आणि पिकअपचा सेट बदला. फ्लायव्हील हातोड्याने ठोकू नका, चुंबकं सुटतात. क्रँकवरची हाफमून चावी जपून ठेवा, ती कापली गेली असेल तर टायमिंग हलतं.

रिवाइंडिंगवाला

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. अशा प्लेटवरची सोर्स कॉइल नवीन गुंडाळून देता येते. तार ०.१ मिमीच्या आसपासची असते, मशिनवर ताण सांभाळून गुंडाळावी लागते. वार्निश नीट मुरवून भट्टीत सुकवलं नाही तर इंजिनाच्या उष्णतेने दोन महिन्यांत परत जाते. पंख्याची कॉइल करणारा प्रत्येक जण हे करून देईलच असं नाही, आधी विचारा.

पण प्लेट काढण्याआधी थोडं थांबा असं मी म्हणेन. माझ्याकडे येणाऱ्या प्लेटींमध्ये एक कॉइल गेलेली असते. दोन्ही एकाच वेळी तुटलेल्या क्वचितच दिसतात. जळल्याचा वास, काळपट वार्निश असं काही दिसलं का?

ओहमकन्या

रिवाइंडिंगवाले नेमकं बोलले. मला तर प्लेट गेली असं वाटतच नाही.

विचार करा. सोर्स कॉइल फ्लायव्हीलच्या आत, पिकअप बाहेर. दोघींच्या तारा वेगळ्या, काम वेगळं, वेढे वेगळे. दोघी एकाच दिवशी तुटाव्यात असं काय घडलं? त्यापेक्षा दोघींमध्ये सामाईक काय आहे ते बघा. दोघींचं दुसरं टोक इंजिनाच्या धातूला अर्थ आहे, आणि तुम्ही दोन्ही वेळा मीटरचं काळं टोक कपलरच्या हिरव्या पिनेत लावलंत. ती हिरवी वायर इंजिनापर्यंत पोचतच नसेल तर मीटरला दोन्ही कॉइल तुटलेल्याच दिसणार. आणि मीटरला दिसतं तेच सीडीआयलाही दिसतं.

पुन्हा मोजा. लाल टोक तिथेच ठेवा, काळं टोक थेट इंजिनाच्या फिनवर किंवा चकचकीत बोल्टवर. रंग नसलेली जागा शोधा.

मग मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून काळ्या-लालवर सेल्फ मारताना वाचा, तेही इंजिनाला धरून. ४० व्होल्टच्या पुढे आकडा आला तर कॉइल काम करतेय. खरा शिखरदाब यापेक्षा बराच जास्त असतो, साधा मीटर ते ठोके पूर्ण पकडू शकत नाही. पिकअप मात्र व्होल्टच्या अंशातच बोलते, २ व्होल्टच्या रेंजवर थोडी हालचाल दिसली तरी पुरे.

ठाणेरायडर

ताई, अर्थ गेला असता तर सेल्फ कसा फिरला असता? सेल्फला तर सगळ्यात जास्त करंट लागतो. म्हणून मी म्हणतोय की अर्थ ठीक आहे.

मीटरकाका

ठाणेरायडर, प्रश्न चांगला विचारलास, बरेच जण इथेच अडकतात.

गाडीत अर्थ एकच नसतो. बॅटरीच्या निगेटिव्हची जाड केबल थेट इंजिनाच्या बोल्टला जाते. सेल्फचा करंट त्या वाटेने परततो. सीडीआय, लाइट, रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) यांच्या बारीक हिरव्या वायरी वायरिंगमध्ये एकत्र होऊन फ्रेमला किंवा इंजिनाला वेगळ्या ठिकाणी बसवलेल्या असतात. जाड केबल ठणठणीत आणि बारीक जोड कुजलेला, असं किनाऱ्यावरच्या गाड्यांत सर्रास सापडतं.

आणि परतीची वाट नसेल तर पुढचं काहीच घडत नाही हे लक्षात घे. विरारला गेलेल्या लोकल चर्चगेटला परतल्याच नाहीत तर पुढची गाडी सोडायची कुठून? कपॅसिटर भरायला सोर्स कॉइलचा करंट सीडीआयमधून अर्थला जाऊन कॉइलकडे परतला पाहिजे. रिकामा होतानाही तो इग्निशन कॉइलमधून अर्थच्याच वाटेने सीडीआयकडे परततो. दोन्ही फेऱ्या त्या एका हिरव्या वायरवर.

वाडीवाल्या, एक विचारायचं राहिलं. बंद पडण्याआधी टेललाइट किंवा हेडलाइट मंद झाले होते का?

वाडीवाला

काका, हो! मामा मे महिन्यापासून म्हणत होते की संध्याकाळी लाइट मिणमिणतो. आम्हाला वाटलं बॅटरी जुनी झाली असेल.

आत्ता बोरिवलीत आहे, शनिवारी परत जातो.

जुनाखटारा

शनिवारपर्यंत दम धरवत नाही. मामांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि मीटर लावायला सांगा :)

वाडीवाला

@जुनाखटारा, तुमचं ऐकलं. मामेबहीण सुट्टीला आलीय, तिने फोन बोल्टवर रोखून धरला आणि मामांनी मीटर लावला.

काळं टोक इंजिनाच्या बोल्टवर: काळी-लाल ३९० ओहम, निळी-पांढरी १५० ओहम. दोन्ही अगदी स्थिर.

सेल्फ मारताना काळ्या-लालवर साधारण ६० व्होल्ट एसी. तेच हिरव्या पिनेला धरून मोजलं तर शून्य.

दोन्ही कॉइल जिवंत आहेत!

ओहमकन्या

वा! मामांना आणि बहिणीला शाबासकी द्या. आता काहीही सोडवण्याआधी एक चाचणी करा. कपलर जागेवर लावा. एक जाडसर वायर घ्या, एक टोक सीडीआयच्या हिरव्या वायरला मागून पिनेपर्यंत टोचा, दुसरं इंजिनाच्या बोल्टला घट्ट आवळा. प्लग लांब धरून सेल्फ मारा. करंट आला तर दोष नक्की झाला, आणि मग खराब जोड शोधायला निवांत वेळ आहे.

वाडीवाला

निळा, कडक करंट आला! आवाजासकट. प्लग बसवला, चोक ओढला, थोडा धूर काढून गाडी चालू झाली. मामांनी लगेच विहिरीपर्यंत एक फेरी मारली. वायर अजून बाहेरून लोंबकळतेय.

ठाणेरायडर

मस्तच. ओहमकन्याताई, मानलं. मी हिरव्या पिनेकडे लक्षच दिलं नसतं. मग आता ती बाहेरची वायरच कायमची ठेवून द्या, कशाला खोलात शिरायचं?

मीटरकाका

नको. त्या खराब जोडावर रेग्युलेटर आणि लाइटही आहेत. त्यांना तसंच ठेवलं तर बॅटरी नीट चार्ज होणार नाही आणि पुढच्या महिन्यात ‘सेल्फ फिरत नाही’ असा नवा धागा काढावा लागेल. बाहेरची वायर राहू दे, पण नीट थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून. आणि मूळ जोडही शोध. सीट आणि टाकीचं कव्हर काढ, हिरव्या वायरी जिथे एकत्र येऊन बोल्टखाली जातात तिथे बघ.

नुसत्या मीटरच्या ‘बीप’वर विश्वास ठेवू नकोस. बीप करायला मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, एक तार शाबूत असली तरी तो आनंदाने वाजतो. लाइट चालू कर आणि मीटर डीसीवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि त्या हिरव्या जोडाच्या मधला दाब वाच. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड अजून खराब आहे.

वाडीवाला

सापडला. टाकीच्या खाली, फ्रेमच्या आडव्या पट्टीवर चार हिरव्या वायरींचं एकच थिंबल. बोल्ट वरून बरा दिसत होता. सोडवला तर खाली हिरवी-पांढरी पूड. तांब्याच्या तारा थिंबलच्या तोंडाशी काळ्या पडलेल्या, हाताने ओढल्या तर दोन सुटूनच आल्या. थिंबलखाली फ्रेमचा रंग तसाच होता. म्हणजे कारखान्यातून आल्यापासून तो अर्थ फक्त बोल्टच्या आट्यांवर टिकून होता.

वायरी मागे स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापल्या, नवीन थिंबल क्रिंप केलं, फ्रेमवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला. तिथून इंजिनाच्या बोल्टपर्यंत एक वेगळी जाड वायरही टाकली. लाइट चालू ठेवून दाब मोजला, ०.०५ व्होल्ट.

काका म्हणाले म्हणून चार्जिंगही बघितलं. रेस वाढवल्यावर बॅटरीवर १४ व्होल्ट येतात. लाइट आता लख्ख आहे.

रिवाइंडिंगवाला

प्लेट वाचली याचा मला आनंद आहे, दुकानाचं एक काम गेलं तरी. जोड आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. आधी आवळायचं, मग लावायचं.

जुनाखटारा

व्हॅसलिन कशाला, बाजारात मिळणारा गंज सोडवायचा स्प्रे मारला की झालं.

मीटरकाका

तो स्प्रे पाणी हाकलतो, गंज सैल करतो, आणि मग हळूहळू उडून जातो. गोराईच्या खाऱ्या वाऱ्यात महिनाभरही टिकणार नाही. व्हॅसलिन टिकतं. आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप टाकीखाली मारायचा नाही, नळाखालची बादली बरी.

घाटवाट

सगळा धागा वाचला, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मित्राच्या कर्जतच्या शेतावर १५० सीसीची एटीव्ही आहे, स्कूटरसारखं ऑटोमॅटिक इंजिन. थंड असताना एका दमात चालू होते. अर्धा तास चालली की बंद पडते आणि करंट जातो. तासभर थांबलं की पुन्हा चालू. तिलाही अर्थचाच दोष असेल का?

ओहमकन्या

अर्थचा असू शकतो, पण तुमच्या वर्णनात गरम झाल्यावर करंट जाणं ठळक आहे. कॉइलची बारीक तार आतून तुटलेली असेल तर थंडीत टोकं टेकलेली राहतात आणि गरम झाल्यावर फाकतात. थंड गाडीवर मोजलं तर सगळं बरोबर येणार, म्हणून मोजमाप गाडी बंद पडल्याबरोबर, इंजिन गरम असतानाच करायला हवं.

मीटर आधीच तयार ठेवा. आज थंड असताना सोर्स कॉइल, पिकअप आणि इग्निशन कॉइल तिन्हींचे आकडे लिहून घ्या, प्रत्येक वेळी एक टोक इंजिनाच्या धातूवर धरून. मग शेतात फिरवा. बंद पडली की कपलर काढून तेच तिन्ही पुन्हा मोजा. गरम तांब्याचा रोध थोडा वाढतो, दहावीस टक्के फरक दिसला तर घाबरू नका. पण आकडा उडाला किंवा ‘१’ आला तर तीच कॉइल. तिन्ही स्थिर राहिल्या तर हिरव्या पिनेपासून इंजिनापर्यंतचा दाब बघा, आणि तोही ठीक निघाला तरच दुसरा सीडीआय उसना आणून लावा.

त्याआधी सीडीआय एसी की डीसी ते नक्की करा, १५० सीसीत दोन्ही प्रकार मिळतात. डीसी असेल तर त्यात सोर्स कॉइल नसते. मग तिच्याऐवजी, गाडी बंद पडल्याबरोबर चावी चालू ठेवून सीडीआयच्या पिनेवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. आकडे इथेच टाका.

घाटवाट

धन्यवाद ताई. रविवारी कर्जतला जातोय, मीटर आणि वही दोन्ही घेऊन.